भुकेल्या मातीतली बाग

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथं एका कुरणावर १८५६ सालापासून एक प्रयोग चालू आहे. कोणत्या खतानं चारा किती वाढतो, एवढंच जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांना पाहायचं होतं. चारा वाढला, पण काही वर्षांतच कुरणाचे पट्टे एकमेकांपासून वेगळे दिसू लागले. ज्या पट्ट्यांना काहीच घातलं नाही, तिथं आजही ४०च्या आसपास जातींच्या वनस्पती नांदतात. भरपूर अमोनियम सल्फेट मिळून जिथली माती आम्ल झाली, तिथं मात्र जेमतेम दोन-तीन जाती उरल्या.

रानासारखी दिसणारी, पाखरं-किड्यांना थारा देणारी बाग करायची असेल, तर हा प्रयोग आधी लक्षात घ्यावा. कारण बाग म्हटलं की आपला हात पहिल्यांदा खताच्या पोत्याकडे जातो. भाजीच्या वाफ्याला ते योग्यच. पण सकस मातीत बळी तो कान पिळी: जी जात भराभर उंच होते ती ऊन अडवते आणि बाकीच्या सावलीत मरतात. हलक्या, भुकेल्या मातीत कोणालाच तेवढं बळ मिळत नाही, म्हणून पुष्कळ जणांना जागा उरते.

ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ फिलिप ग्राइम यांनी १९७०च्या दशकात वनस्पतींचे तीन स्वभाव सांगितले. काही स्पर्धक, काही सोशिक, तर काही संधिसाधू. म्हणजे जमीन मोकळी दिसली की उगवायचं, बी टाकायचं आणि संपायचं. बागेत फुलांच्या रंगांची जोडी जुळवण्यापेक्षा या स्वभावांची जोडी जुळवणं महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे. सोशिक जातीशेजारी स्पर्धक लावला, तर दोन-तीन वर्षांत तिथं एकटा स्पर्धकच दिसेल.

लागवडही दाट हवी. दोन रोपांमधली उघडी माती म्हणजे तणाला आमंत्रण. अशा बागांमध्ये एका चौरस मीटरला साधारण ७ ते ९ बहुवर्षायू रोपं लावतात. खाली पसरणाऱ्या बुटक्या जाती, त्यांच्यातून वर येणारे झुपके आणि अधूनमधून एखादी उंच, विरळ जात. माती झाकायचं काम त्या खालच्या थराचं. तो फोटोत दिसत नाही, म्हणून लोक नेमका तोच गाळतात.

या शैलीतलं आजचं सर्वात परिचित नाव पीट आउडॉल्फ यांचं. १९४४ साली जन्मलेले हे डच बागरचनाकार रंगाआधी झाडाचा आकार पाहतात: उभे तुरे, छत्रीसारखे फुलोरे, गोल बोंडं, गवताची पिसं. रंग काही आठवड्यांत जातो, सांगाडा महिनोन्‌महिने टिकतो. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरची लागवड त्यांचीच. १९८० साली गाड्या थांबल्यावर त्या उंच लोहमार्गावर गवत आणि रानफुलं आपणहून उगवली होती. २००९ साली उद्यानाचा पहिला भाग खुला झाला, तेव्हा नव्या लागवडीनं त्याच रानटीपणाचा धागा पकडला होता.

गवतं बहुतेक वाऱ्यावर परागण करतात, त्यांच्या फुलांत मध नसतो. मग प्राण्यांना त्यांचा काय उपयोग? स्किपर गटातल्या आणि कित्येक तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या गवतच खातात. बी पाखरांना मिळतं. दाट झुपक्यांच्या बुडाशी भक्षक भुंगेरे आसरा घेतात; ते मावा खातात म्हणून ब्रिटनमधले काही शेतकरी शेतात मुद्दाम गवताचे बांध राखतात. गवत निवडताना मात्र जपून, शक्यतो स्थानिकच घ्यावं. शोभेसाठी नेलेलं फाउंटन ग्रास हवाईत रानोमाळ पसरलं आणि तिथल्या वणव्यांना ते जळण पुरवतं.

फुलांच्या बाबतीत एकच पथ्य: दुहेरी, गच्च पाकळ्यांची वाणं टाळावीत. त्यांतले पुंकेसर पाकळ्यांत बदललेले असतात, त्यामुळे मधमाशीला बहुधा काहीच हाती लागत नाही.

खरी कसोटी हंगाम संपल्यावर लागते. वाळलेले दांडे पाहून हात शिवशिवतात. पण जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य पोळं न करता एकेकट्या राहतात. बऱ्याच जणी जमिनीत बीळ करतात, काही पोकळ दांड्यांत अंडी घालतात. बिळं करणाऱ्यांसाठी उन्हातला एखादा कोपरा उघडा ठेवावा. तिथं ना आच्छादन, ना खुरपणी. तेवढं तण सोसायचं.

दांडे विश्रांतीच्या हंगामात तसेच उभे राहू द्यावेत आणि नवी पालवी फुटण्याच्या सुमारास कापावेत. कापतानाही बुडापासून नाही: फूटभर खुंट ठेवले, तर नव्या हंगामातल्या माद्यांना त्यांत घरं करता येतात. हे खुंट वर्षभर हलवायचे नाहीत. नवी वाढ त्यांना झाकून टाकते. कापलेला भाग जाळण्याऐवजी बागेच्या कडेला सैल रचून ठेवावा, म्हणजे आत झोपलेले किडे आपल्या सवडीनं बाहेर पडतात.

शेजाऱ्यांना हे सगळं आळशीपणाचं वाटणारच. अमेरिकन भूदृश्यतज्ज्ञ जोन नासाउअर यांनी १९९५ साली यावर नेमका उपाय सुचवला होता: पसाऱ्याला नीटस चौकट द्या. कापलेल्या हिरवळीचा अरुंद पट्टा, स्वच्छ पायवाट किंवा बुटकं कुंपण दिसलं, की आतलं रान मुद्दाम केलेलं आहे हे पाहणाऱ्याला उमगतं. पहिली दोन वर्षं रोपांमधलं तण मात्र हातानंच काढावं लागतं. पानं एकमेकांना भिडली, की ते काम बरंच कमी होतं.