कूलर जुलैत का हरतो?

"काका, आपल्याले काय ऊन लागते? नवतप्यात पळलो मी!" दुबईला वेल्डरच्या कामावर निघालेला पुतण्या ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर मला सांगत होता. पोलीस भरतीच्या तयारीत त्यानं तीन वर्षं गावचा डांबरी रस्ता तुडवला होता. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो, त्यामुळे त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पण जुलैत तिथे पोचल्यावर चौथ्याच दिवशी फोन आला. वीस मिनिटं पळाला, घाम नुसता निथळत राहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा तापमान होतं ३६ अंश.

याचं उत्तर आपल्या घरच्या खिडकीत बसवलेलं असतं. मे महिन्यात कूलरच्या गवतावरून झिरपणारं पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता शोषून घेतं. खोली गारेगार होते. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा, पण अंग नुसतं चिकचिक करतं. हवेत बाष्प आधीच भरलेलं असतं, त्यामुळे गवतावरचं पाणी उडत नाही.

आपली कातडी हाच कूलर आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. वाळला तरच. टपकून खाली पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा देत नाही. पुतण्यानं फोनवर सांगितलं, "गमछा सकाळी वाळू घातला, संध्याकाळी पण ओलाच." आमच्या अंगणात मे महिन्यात पिळलेला गमछा बघता बघता कडक होतो. त्याच्या घामाचं काय होत होतं, ते त्या गमछ्यानं सांगितलं.

थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला, की हा फरक आकड्यांत दिसतो. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला पारा २४ च्या आसपास थांबतो. हवा ३६ अंश पण आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तो ३२ वर जातो. कातडीचं तापमान असतं साधारण ३५. म्हणजे घाम वाळून गार व्हायला फार थोडी जागा उरते. दमट किनाऱ्यावर ३६ अंश हे आपल्या ४५ पेक्षा जड जातात ते यामुळे.

शरीर मात्र शिकतं, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रोज थोडं थोडं उन्हात राबलं तर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि घामातलं मीठ कमी होतं. ही सवय टिकाऊ नसते. काही आठवडे एसीत बसलं की ती उतरते. पुतण्या जूनभर कागदपत्रांच्या मागे घरी बसला होता, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

मग आम्ही फोनवरच ठरवलं. पहिला आठवडा पळणं बंद, फक्त दहा-पंधरा मिनिटं चालायचं. नंतर रोज थोडं वाढवायचं. व्यायाम पंखा किंवा एसी असलेल्या खोलीत केला तरी चालतो, जोर-बैठकांना मैदान लागत नाही. तहानेची वाट पाहायची नाही, लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजायचं. पण खूप घाम गेल्यावर नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घ्यावं. ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते. आतड्यात ती मिठाला आत नेते आणि मिठामागे पाणी जातं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. खिशातला कांदा तिकडे नेला नाही तरी चालेल, त्यानं अंग गार होत नाही.

तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे, ती सुट्टी सावलीतच काढ, असं मी बजावलं. आणि सोबतचा कुणी असंबद्ध बरळू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर आधी थंड पाणी ओतायचं, वारा घालायचा, आणि लगेच ९९८ वर रुग्णवाहिका बोलवायची. तो नंबर त्यानं खोलीच्या दारावर लिहून ठेवलाय.