टर्फवर पोचण्याआधीची वीस मिनिटं

रविवारची सकाळ होती. उपनगरातल्या एका टर्फवर भाचीची मॅच बघायला गेले होते. कॉर्नर आला, ती हेडरसाठी उसळली, चेंडू हुकला आणि ती उजव्या पायावर उतरली. आजूबाजूला हातभर अंतरात कुणी नव्हतं. ना धक्का, ना टॅकल. पाय टेकला, गुडघा किंचित आत झुकला आणि ती जागच्या जागी खाली बसली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मावशी, आतून टक्क असं वाजलं गं." एमआरआयने त्या आवाजाचा अर्थ सांगितला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध, तुटला होता. वय वर्षं सोळा.

तेव्हापासून महिला फुटबॉलबद्दल कौतुकाचा कोणताही आकडा वाचला की मला आधी गुडघे आठवतात. आकडे खरोखर अभिमान वाटावा असेच आहेत. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 1921 मध्ये बायकांच्या सामन्यांना आपली मैदानं बंद केली आणि ती बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. पहिला अधिकृत महिला विश्वचषक उजाडायला 1991 साल लागलं. चीनमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत 12 संघ होते आणि सामना 90 नव्हे, 80 मिनिटांचा होता. त्यानंतर 2022 मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर एका महिला सामन्याला 91,648 प्रेक्षक आले, आणि 2023 च्या विश्वचषकाला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मिळून जवळजवळ 20 लाख लोक मैदानात येऊन बसले.

पण त्याच 2023 च्या विश्वचषकात कोण नव्हतं ते बघा. आदल्या वर्षीच्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू, इंग्लंडची बेथ मीड नव्हती. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन नव्हती. नेदरलँड्ससाठी सर्वाधिक गोल केलेली व्हिव्हियन मीडेमा नव्हती. तिघी तेव्हा एकाच क्लबच्या, लंडनच्या आर्सेनलच्या, आणि काही महिन्यांच्या अंतराने तिघींचाही एसीएल गेला. स्पेनची आलेक्सिया पुतेयास तर 2022 च्या युरोला स्पर्धेच्या तोंडावर याच दुखापतीने मुकली होती.

एसीएल म्हणजे काय, ते खुर्चीत बसल्या बसल्या समजून घेता येतं. गुडघा वाकवा. वाटीच्या मागे, सांध्याच्या अगदी पोटात, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधणारी एक दोरी आहे. लांबी साधारण 3 सेंटीमीटर. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा नको तितका पिळला जाऊ नये, हे तिचं काम. धावताना अचानक दिशा बदलली किंवा उडी मारून सरळ पायावर उतरलो, की सगळा ताण तिच्यावर येतो. म्हणूनच यातल्या बहुसंख्य दुखापती कुणाचा धक्का न लागता होतात.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाय जमिनीला लागल्यापासून साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत ही दोरी तुटते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे "अरे, गुडघा आत चाललाय" हा निरोप मेंदूपर्यंत जाऊन स्नायूंना हुकूम परत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. उतरताना सावरणं शक्यच नाही. हवेत असतानाच मांडीमागचे आणि कमरेचे स्नायू ताठ होऊन तयार असावे लागतात, आणि ही तयारी शरीराला सवयीनेच येते.

बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या दोन ते तीन पट, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त दिसते. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. ओटीपोटाची रुंदी आणि त्यामुळे मांडीचं हाड गुडघ्याकडे येण्याचा कोन, दोरी ज्या खाचेतून जाते तिची अरुंद जागा, उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जास्त भिस्त आणि मागच्यांवर कमी. मासिक पाळीतल्या संप्रेरकांचा अस्थिबंधांच्या लवचिकपणावर होणारा परिणाम हाही चर्चेचा विषय आहे, आणि आता फिफानेही त्यावरच्या संशोधनाला पैसे दिले आहेत.

मला स्वतःला मात्र सगळा दोष शरीररचनेवर टाकणं पटत नाही. 2014 ते 2020 या काळातले क्रीडाविज्ञानाचे पाच हजारांवर शोधनिबंध तपासले, तेव्हा फक्त स्त्रियांवर केलेले अभ्यास निघाले 6 टक्के. बुटांचंही तेच. बाईचा पाय टाचेकडे अरुंद आणि चवड्याकडे त्या मानाने रुंद असतो, पण वर्षानुवर्षं तिला पुरुषांच्याच साच्यातला लहान नंबर मिळत आला. आपल्याकडे तर मोठ्या भावाचे स्टड्स, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट, पुढे मोजे कोंबून घातलेल्या मुली मी स्वतः पाहिल्यात. लांब खुंटी कृत्रिम गवतात रुतते, पाय तिथेच अडकतो आणि वरचं शरीर वळतं. तो पीळ जातो कुठे? गुडघ्यात.

आणि मुंबईत कृत्रिम गवताला पर्याय तरी काय? कूपरेजच्या मैदानापासून मॉलच्या गच्चीपर्यंत सगळीकडे तेच. भाचीच्या टर्फवर मी नंतर मुद्दाम वाकून बघितलं. पेनल्टीच्या जागेजवळचं गवत आडवं होऊन चकचकीत झालं होतं, काळे रबराचे दाणे कोपऱ्यात ढिगाने साचले होते आणि मधे हाताला थेट कडक जमीन लागत होती. खाली उतरणाऱ्या गुडघ्याला मऊपणा देणारे दाणे तेवढ्या जागेत उरलेच नव्हते.

या दुखापतीविरुद्ध हाताशी असलेला सगळ्यात स्वस्त उपाय मात्र भक्कम आहे. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1,892 मुलींवर एक चाचणी झाली आणि 2008 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून जास्त मुलींनी ठरावीक वॉर्म-अप केला, बाकीच्यांनी नेहमीचा. पहिल्या गटात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. हा वॉर्म-अप फिफा 11+ या नावाने ओळखला जातो. सावकाश धावणं, प्लँक, मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम, एका पायावर तोल, उड्या मारून गुडघा पावलाच्या रेषेत ठेवत मऊ उतरणं. एकूण वीस मिनिटं. साहित्य लागतं ते एक चेंडू.

ते व्यायाम पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला गिरगावच्या आमच्या चाळीतलं अंगण आठवलं. लंगडी घालताना आम्ही दुसरं काय करत होतो? एका पायावर उडी, तोल, चटकन वळण, पुन्हा त्याच पायावर उतरणं. काही संशोधक आता हाच प्रश्न विचारतात की मुलींना लहानपणापासून उड्या मारायला, पडायला, वजन उचलायला किती मिळतं. वयात आल्यावर "आता पुरे झाली धावपळ" ऐकलेली मुलगी पंधराव्या वर्षी एकदम फुटबॉलच्या मैदानात उतरते. तिच्या स्नायूंची ती सवय मधल्या वर्षांत सुटलेली असते.

मुली तर आता येणारच. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने 2022 च्या जानेवारीत भारतीय महिला संघाला कोरोनामुळे आशिया चषकातून बाहेर पडताना पाहिलं, आणि त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला तिथेच 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जुलै 2025 मध्ये थायलंडमधल्या चियांग माईला संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताने थायलंडला 2-1 असं हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात जागा मिळवली. 2027 चा विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, आणि 2031 पासून संघ 32 वरून 48 होणार आहेत. दारं रुंद होताहेत. त्यातून आत जायला धडधाकट गुडघे हवेत.

आमच्याकडे अडतं ते घड्याळावर. मुंबईत टर्फ तासाच्या हिशेबाने मिळतं. सहाचा स्लॉट म्हणजे सहाला आत, सातला शिट्टी, बाहेर पुढची टीम उभीच. वर्गणी काढून भरलेल्या त्या साठ मिनिटांतली वीस कोण देईल? त्या रविवारी भाचीच्या टीमने जाळीला धरून चार वेळा पाय झटकले होते आणि थेट खेळायला सुरुवात केली होती. मीही बाहेर उभी राहून टाळ्याच वाजवल्या.

तिच्याच मांडीमागचा स्नायुबंध काढून तिचा एसीएल नव्याने बांधला. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतलं तर तो पुन्हा तुटण्याचा धोका खूप वाढतो, म्हणून फिजिओने कॅलेंडरवर तारीख लिहून दिली होती आणि ती तिने पाळली. आता त्यांचा स्लॉट सहाचा असला की मुली साडेपाचला टर्फशेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमतात. वॉचमनकाका दोन स्कूटर बाजूला घेऊन जागा करून देतात. परवा मी गेले तेव्हा भाची रांगेपुढे उभी राहून एकेकीची उडी बघत होती. एका छोटीचा गुडघा आत गेला, तशी ती ओरडली, "परत! गुडघा पावलाच्या वर, आणि आवाज नको यायला." छोटी पुन्हा उसळली आणि या वेळी मांजरीसारखी उतरली.