पान उलटण्याआधी थोडं थांबा

(सभासद पालकांसाठी, पुस्तकांच्या पिशवीसोबत)

नमस्कार,

चित्रपुस्तकं परत करताना बरेच पालक सांगतात, "पुस्तक छान होतं, पण दोन मिनिटांत संपलं." दोन मिनिटांत संपतो तो मजकूर. उरलेली गोष्ट चित्रांत असते आणि ती वाचण्यात मुलं आपल्याहून तरबेज असतात. त्यांना अक्षरं येत नाहीत, म्हणून त्यांची नजर चित्रावरच खिळलेली असते. आमच्या छोट्या बालवाचनालयात वर्षानुवर्षं मागणी असलेली काही जुनी पुस्तकं या पिशव्यांमधून आलटून पालटून तुमच्याकडे येतील. ती कशी वाचावीत, याबद्दल थोडं सांगायचं आहे.

सुरुवात पॅट हचिन्स यांच्या 'रोझीज वॉक'ने करा. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य आहे, मूळ इंग्रजीत ३२ शब्दांचं. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. मजकुरात एवढंच. चित्रात मात्र पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. त्याच्या नाकावर दाताळ्याचा दांडा बसतो, तो तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या त्याच्या मागे लागतात. या कोल्ह्याचं नाव मजकुरात एकदाही येत नाही, रोझीलाही त्याचा पत्ता नाही. तुम्हालाही तो दिसलेला नाही असं धरून, रोझी चालते तितक्याच शांतपणे वाचा. एका पानावर कोल्हा झेप घेतो आणि पुढच्या पानावर आपटलेला दिसतो. झेपेच्या पानावर थांबा. "आता काय होणार?" हे मुलालाच म्हणू द्या. "तो बघ कोल्हा" असं आपणच आधी बोलून गेलो, तर मुलाच्या वाट्याचा शोध आपण हिरावून घेतला.

मॉरिस सेंडॅक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) मध्ये चित्रांचा आकार बघा. सुरुवातीला चित्र छोटं आहे, भोवती भरपूर कोरी जागा. मॅक्सच्या खोलीत जंगल उगवू लागतं तसं चित्र पसरत जातं आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एक शब्दही उरत नाही. ही पानं भरभर उलटू नका. मांडीवर ताल धरा, पाय आपटा, किंवा नुसतं बघत बसा. राक्षसांना मुलं घाबरतील म्हणून काही पालक हे पुस्तक बाजूला ठेवतात. आम्हाला वाटतं, वाचून बघावं. मॅक्स त्या राक्षसांचा राजा होतो, घरी परततो आणि त्याचं जेवण अजून गरम असतं, हे मुलांना नेमकं कळतं. तरीही मूल खरोखर दचकलं, तर पुस्तक मिटा आणि काही महिन्यांनी पुन्हा मागवा.

झोपायच्या वेळेला मात्र 'गुडनाइट मून' (१९४७) हवं. मार्गारेट वाइज ब्राऊन यांचा मजकूर, क्लेमंट हर्ड यांची चित्रं. एकच हिरवी खोली, ती पानागणिक अंधारत जाते. घड्याळाचे काटे सातपासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत सरकतात, खिडकीत चंद्र वर चढतो. एक छोटा उंदीर सारखा जागा बदलत राहतो, तो शोधायचं काम मुलावर सोपवा. तुमचा आवाजही खोलीसारखाच मंदावत न्या.

एरिक कार्ल यांच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९) मध्ये सुरवंटाने पानांना खरोखरची भोकं पाडली आहेत. कागदाला भोकं पाडणाऱ्या पंचवरूनच कार्ल यांना ही कल्पना सुचली. त्या भोकांत बोटं जाणारच, तो वाचनाचाच भाग आहे. पानं फाटतात तीही इथेच. फाटलं तर कृपया सेलोटेप लावू नका. टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात मुरतो. तुकडा पानातच ठेवून पाठवा, डागडुजी आम्ही करू.

बिअॅट्रिक्स पॉटर यांचं 'पीटर रॅबिट' थोड्या मोठ्या मुलांसाठी, साधारण चार वर्षांपुढच्या. मजकूर जास्त आहे, शब्दही जुने. प्रकाशक मिळेना म्हणून १९०१ मध्ये पॉटर यांनी स्वतःच त्याच्या २५० प्रती छापून घेतल्या होत्या. छोट्या हातांत मावावं म्हणून पुस्तकाचा आकार लहान ठेवायचा, हा त्यांचाच आग्रह. तेव्हा ते मुलाच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसून वाचा.

भाषेबद्दल नेहमी विचारलं जातं. यमकांवर चालणारं पुस्तक मूळ भाषेत वाचा, अर्थ नाही कळला तरी नाद पोचतो. बाकीची पुस्तकं खुशाल आपल्या घरच्या बोलीत सांगा. फक्त एकदा ठरलेलं वाक्य शक्यतो बदलू नका. तिसऱ्या दिवशी मूल तेच वाक्य तुमच्याआधी म्हणेल.

तान्ह्या बाळांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं वेगळी ठेवली आहेत. बाळं ती चावतात, त्याचा संकोच नको. परत आल्यावर आम्ही ती पुसूनच पुढे देतो.

आणि एकच पुस्तक रोज, दिवसातून चार-चार वेळा मागितलं जात असेल, तर ते परतीच्या पिशवीत घालू नका. तेवढं एक ठेवून बाकीची पाठवा आणि सोबत चिठ्ठी लिहा. आम्ही त्याची मुदत वाढवू.