बारा सेकंदांनंतर उरलेली नळी

लष्करी रायफलीचा चाप ओढला की गोळी नळीच्या आत किती वेळ असते? नळी ६० सेंटिमीटर लांब धरू. गोळी शून्यापासून वेग घेत तोंडाशी सेकंदाला साधारण ८०० मीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे हा प्रवास सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. आता १० हजार गोळ्यांनंतर नळी बाद झाली असे मानू. (हा आकडा काडतूस, गोळीबाराचा वेग आणि राखलेली निगा यांप्रमाणे बराच खालीवर होतो.) गुणाकार केला तर साडेबारा सेकंद येतात. कोठारात पन्नास वर्षे काढलेल्या नळीने प्रत्यक्ष काम केले ते एवढेच.

या साडेबारा सेकंदांत मात्र तिच्यावर जे गुदरते ते भयंकर असते. जळणाऱ्या दारूच्या वायूंचे तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि दाब वातावरणाच्या तीन-चार हजार पट होतो. आपला समज असा, की गोळी घासून घासून नळी झिजते. ते कारण आहे, पण दुय्यम. खरा घाव उष्णतेचा. दर गोळीला पोलादाचा आतला अतिशय पातळ थर क्षणात भडकून तापतो आणि मागच्या थंड धातूमुळे लगेच निवतो. तापला की तो फुगू पाहतो, पण मागचे पोलाद त्याला फुगू देत नाही. हे हजारो वेळा घडले की पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे उमटते, आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा भेगांचे. शिवाय वायूंतला कार्बन आणि नायट्रोजन त्या थरात शिरतात, तो ठिसूळ होतो आणि कमी तापमानाला वितळू लागतो. पुढच्या वायूच्या झोतात त्याचे कण उडून जातात.

ही झीज नळीभर सारखी नसते. काडतूस बसते त्या कप्प्याच्या लगेच पुढे, जिथून पिळाचे चर (गोळीला फिरकी देणाऱ्या, आतून कोरलेल्या वळणदार खाचा) सुरू होतात, तिथे ती सर्वांत जास्त असते. काही सेंटिमीटरपर्यंत चरांमधले उंचवटे जवळजवळ नाहीसे होतात. झीज दिसणारी दुसरी जागा म्हणजे नळीचे तोंड, आणि तिथला दोष बऱ्याचदा गोळीचा नसून साफसफाईच्या गजाचा असतो. ज्या रायफली मागून साफ करता येत नाहीत, त्यांत गज तोंडातून घालावा लागतो. वर्षानुवर्षे तो एकाच कडेला घासत राहतो. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या क्षणी कडा वाकडी असेल तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का बसतो. नेम जातो तो इथे.

तिसरा शत्रू गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या बुडाच्या छोट्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. ते मिठाचेच भावंड, हवेतली ओल ओढून घेणारे. तेलाने ते जात नाही, पाण्यात विरघळते. म्हणून ब्रिटिश फौजेत गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. ज्यांनी ती पाळली नाही, त्यांच्या नळ्यांत आज खड्डेच खड्डे सापडतात.

आता उरले काय ते पाहू. काही सेंटिमीटरचा घसा, म्हणजे पीळ सुरू होतो तो झिजलेला भाग, आणि तोंडाची कडा सोडली, तर हातात राहते ती जाड भिंतीची, पोलादाची, आरपार सरळ भोकाची नळी. एवढे लांब भोक अक्षापासून न ढळता पाडणे हे यंत्रशाळेतल्या कठीण कामांपैकी एक. जुने कारागीर नळीचा सरळपणा डोळ्यांनी पारखत. नळी खिडकीच्या गजाकडे रोखून आत पाहिले की गजाची सावली आतल्या चकचकीत पृष्ठभागावर लांब रेघ होऊन पडते. नळी जराशीही वाकलेली असेल तर ती रेघ तिथे मोडते. आतून तिरप्याने जाणारा प्रकाश छोटासा बाक मोठा करून दाखवतो, म्हणून ही युक्ती साध्या पट्टीपेक्षा कितीतरी बारीक चालते.

फौजांनीही अशा नळ्या सहजासहजी फेकल्या नाहीत. सोव्हिएत कारखान्यांत दुरुस्तीला आलेल्या मोसिन-नागांत रायफलींची झिजलेली तोंडे आतून थोडी रुंद करत, म्हणजे गोळी नळी सोडते ती जागा आत, न झिजलेल्या भागात सरके. बाहेरून पाहिले तर नळीची लांबी तेवढीच दिसते. बर्मिंगहॅमला ए. जी. पार्कर यांच्या कंपनीने ०.३०३ इंची भोकाच्या नळ्या आतून मोठ्या करून त्यांत ०.२२ इंची पातळ नळी बसवण्याचे तंत्र चालवले. सरावाची रायफल स्वस्तात तयार. बंगालमधल्या इशापूर कारखान्यात तर पिळाचे चरच काढून टाकले आणि ली-एन्फिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचे रूपांतर पहारेकऱ्यांच्या ०.४१० इंची गुळगुळीत नळीच्या बंदुकीत केले.

मला स्वतःला या सगळ्यापेक्षा प्रयोगशाळेतला इतिहास जास्त ओढ लावतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञाला लाल होईपर्यंत तापवता येईल, फुटणार नाही आणि वायू बाहेर सोडणार नाही असे भांडे हवे असायचे. काच वितळे, माती तडके. बंदुकीची नळी मात्र बाजारात मिळे. १७८४ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए आणि लष्करी अभियंता मेन्ये यांनी भट्टीतून तिरपी नेलेली तापलेली लोखंडी बंदुकीची नळी घेतली आणि तिच्यात थेंब थेंब पाणी सोडले. दुसऱ्या टोकाने हायड्रोजन बाहेर पडला, आणि पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाला चिकटून राहिला. पाणी हे मूलद्रव्य नाही, हे पटवून देण्यात या नळीचा वाटा मोठा. हेतूही व्यवहारी होता: नुकतीच फुगे उडवण्याची लाट आली होती आणि हायड्रोजन भरपूर हवा होता. इथे नळी नुसते भांडे नव्हती, अभिक्रियेत भाग घेणारे लोखंडही तीच पुरवत होती. १८०८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक आणि तेनार यांनी वाकवलेल्या बंदुकीच्या नळीत तापलेल्या लोखंडावरून कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) नेऊन पोटॅशियम काढले. आदल्याच वर्षी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने विजेने ते अगदी थोडे मिळवले होते.

स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉल यांची हकीकत त्याहून रंगतदार. त्यांचे वडीलधारे मित्र, भूशास्त्रज्ञ जेम्स हटन म्हणत, की संगमरवर हा जमिनीखालच्या उष्णतेने बदललेला चुनखडक आहे. विरोधक हसत, कारण चुनखडी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो भाजका चुना. हटन यांचे उत्तर होते की वरच्या खडकांचा दाब वायूला निसटू देत नाही. भट्टीत छोटे प्रयोग करून पृथ्वीबद्दल बोलावे हे हटन यांना मान्य नव्हते. म्हणून हॉल थांबले आणि १७९७ मध्ये हटन वारल्यावरच कामाला लागले. खडूची पूड बंदुकीच्या नळीत ठासायची, थंड राहणारे टोक लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने भरून बंद करायचे आणि दुसरे टोक भट्टीत घालायचे. असे शेकडो प्रयोग झाले. कित्येक नळ्या फुटल्या. पण काहींतून घट्ट, स्फटिकी, संगमरवरासारखा खडा बाहेर आला. १८०५ साली त्यांनी एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडले, आणि खडक प्रयोगशाळेत घडवण्याची विद्या तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाली.

फ्रेंच संशोधक शार्ल कान्यार द ला तूर यांनी १८२२ मध्ये बंदुकीच्या नळीच्या जाड टोकाचे बंद भांडे केले, त्यात द्रव आणि गारगोटीची गोळी घातली आणि तापवत तापवत भांडे हलवत राहिले. द्रव असेतो गोळीचा आवाज एक प्रकारचा येई. एका ठरावीक तापमानानंतर तो बदलला, जणू आत द्रवच नाही. द्रव आणि वाफ यांतला फरक जिथे पुसला जातो तो क्रांतिक बिंदू आधी असा कानाने सापडला.

त्याच काळात इंग्लंडमध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. सुरुवातीला पाइपांसाठी मस्केटच्या (सैनिकांच्या जुन्या लांब बंदुकांच्या) शिलकी नळ्या एकीला एक जोडून वापरल्या गेल्या. १८१५ मध्ये नेपोलियनशी युद्ध संपल्यावर त्या मुबलक होत्या. पुढे १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउस यांनी सांधा जुळवून नळ्या बनवण्याचे पेटंट घेतले आणि ती गरज संपली.

हॉल यांचा प्रयोग आज कुणी घरी करू नये. जाड भिंतीच्या नळीत दाबाचा ताण आतल्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, आणि झिजलेल्या नळीत भेगा आणि गंजाचे खड्डे नेमके तिथेच असतात. दाबाचे कुठलेही काम तिला देणे म्हणजे बॉम्ब बनवणे. शिवाय अनेक देशांत कायद्याच्या दृष्टीने नुसती नळीही हत्याराचाच भाग असते. ती बाळगण्याची, कापण्याची परवानगी आहे का हे आधी पाहावे लागते.

परवानगी असेल तर लोहाराला आणि लेथवाल्याला काय मिळते? आधुनिक नळीच्या पोलादात साधारण ०.४ ते ०.५ टक्के कार्बन असतो, जोडीला थोडे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. ते चिवट असते, कानशीला दाद देते, लेथवर छान कापले जाते. तापवून तेलात बुडवून कडक केले तर पंच आणि खुंट्या उत्तम होतात. सुरीसाठी मात्र मी ते निवडणार नाही. टिकाऊ धारेला कार्बन कमी पडतो, आणि मधले भोक ठोकून बुजवताना आतला मळ तिथेच अडकतो. बुश आणि स्पेसर (दांड्यावर बसणारी आणि दोन भागांत अंतर राखणारी कडी) यांना उलट भोकच हवे असते. चर रीमरने, म्हणजे भोक रुंद व गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने, काढले की अर्धे काम झालेले असते. दोन गोष्टी सांभाळायच्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अनेक लष्करी नळ्यांना आतून क्रोमियमचा मुलामा असतो, त्याची धूळ आणि धूर नाकात जाऊ देऊ नये. आणि आतल्या काजळीत काडतुसाच्या टोपीतले शिसे असते.

ज्यांना काहीच बनवायचे नाही त्यांनी ती नुसती टांगून वाजवावी. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर दोरे बांधले, तर मूळ कंपनात त्या जागा हलत नाहीत आणि आवाज दबत नाही. ६० सेंटिमीटर लांब, १६ मिलिमीटर जाड, सगळीकडे सारखी नळी धरली तर मूळ कंपन सेकंदाला सुमारे २२० येते. खरी नळी मागे जाड, पुढे निमुळती असल्याने आकडा सरकतो, आणि कानाला वरचे सूर जास्त जाणवतात. गोळी सुटताना रायफलीची नळी अशीच थरथरते, फक्त तिचे एक टोक घट्ट बसवलेले असते. चांगले नेमबाज काडतूस निवडताना या थरथरीचा विचार करतात.

सर्वांत चांगला उपयोग मला शाळा-महाविद्यालयांत वाटतो. नळी लांबीने उभी चिरून तिचे अर्धुक टेबलावर ठेवायचे. घशाशी काळवंडलेला, भेगाळलेला सपाट भाग, मग हळूहळू वर येणारे उंचवटे, मग पुढे स्वच्छ पीळ. ली-एन्फिल्डची नळी असेल तर पाच चर डावीकडे वळत दर १० इंचांना, म्हणजे २५.४ सेंटिमीटरला, एक फेरा पूर्ण करताना दिसतील. गोळी सेकंदाला ७४० मीटर वेगाने बाहेर पडते हे सांगून विद्यार्थ्यांना भागाकार करायला लावावा. उत्तर येते सेकंदाला सुमारे २,९०० फेरे.