आज्ञापालन (ख्रिस्ती तारणविचार)

ख्रिस्ती धर्मविचारातील पायाभूत संकल्पना. आदामाने देवाची आज्ञा मोडली आणि माणूस देवापासून दुरावला. ख्रिस्ताने ती मरेपर्यंत पाळली आणि तुटलेले नाते जुळले, असे येशूचा प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस पत्रात (५:१९) मांडतो. मराठी ख्रिस्ती या उद्धाराला ‘तारण’ म्हणतात. कर्जापोटी ठेवतात तेही तारणच. इथे मात्र अर्थ तारून नेण्याचा, पैलतीरी पोचवण्याचा. खाडीकाठच्या माणसाला तो फोडून सांगावा लागत नाही.

आज्ञापालनाचे मर्म कळते ते यरुशलेमजवळच्या गेथशेमाने या बागेत. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. अटकेच्या रात्री येशू तिथे गुडघे टेकून विनवतो, की हा (दुःखाचा, मरणाचा) प्याला माझ्यापासून दूर कर. आणि मग म्हणतो, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पुष्कळदा पहिली विनवणी गाळून दुसरीच सांगितली जाते, आणि आज्ञापालन म्हणजे निमूट मान तुकवणे असा समज होतो. तो चुकीचा आहे. येशूला मरण नको होते, हे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचरित्र, लपवत नाही. शुभवर्तमानकार लूक तर त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडल्याचे सांगतो. सातव्या शतकात मॅक्सिमस द कन्फेसर या धर्मचिंतक संन्याशाने याच प्रसंगाच्या आधारे ख्रिस्ताला मानवी इच्छाही होती असे प्रतिपादले, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने (६८०–८१) दैवी व मानवी अशा दोन्ही इच्छा मान्य केल्या. नकाराची मुभाच नसती, तर होकाराला मोल कुठले?

येशूची आई होण्यास मरियेने देवदूताला दिलेल्या होकाराकडेही परंपरा याच दृष्टीने पाहते: आदामाची पत्नी एव्हा हिच्या अवज्ञेने बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली, असे दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियस लिहितो.

कोकणपट्टीवर ही कथा मराठी ओवीत आली ती थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय (जेझुइट) इंग्रज धर्मगुरूच्या ‘ख्रिस्तपुराणा’तून. हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल (रायतूर) येथे छापला गेला. पहिल्या पुराणात आदामाच्या पतनासह जुन्या करारातील (बायबलच्या पहिल्या भागातील) कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र.

वसईच्या कॅथलिक गावांत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारी, आशीर्वादित झावळ्या हाती घेऊन लोक मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. त्या दिवशी मिस्सेतील बायबलच्या दुसऱ्या वाचनात फिलिप्पैकरांस पत्रातला उतारा असतो: ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, वधस्तंभावरचे मरण सोसण्याइतके आज्ञापालन केले. ऐकणाऱ्यांच्या हातातली झावळी तेव्हा हिरवीगार असते. वर्षभरात ती वाळते, आणि पुढच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, अशाच झावळ्या जाळून केलेली राख कपाळी लावली जाते.