आमदाराचं मत १७५, खासदाराचं ७००

अहेरीच्या आमदाराचं मत १७५ भरतं. नागपूर शहरातल्या आमदाराचंही १७५च. सिक्कीमच्या आमदाराचं मात्र ७. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतं नुसती मोजत नाहीत, आधी त्यांचं मूल्य काढतात. ते काढायला भागाकारापलीकडचं गणित लागत नाही.

आमच्याकडे सरपंच थेट जनतेतून निवडला जातो, म्हणून पारावर एक प्रश्न हमखास निघतो: सरपंचासाठी बटन दाबायला बोलावतात, मंग राष्ट्रपतीसाठी काहून नाही? कारण कारभार मंत्रिमंडळाने करायचा, हे घटनाकारांनी ठरवलं होतं. अख्ख्या देशाची मतं घेऊन आलेला माणूस त्याच्या डोक्यावर बसवला, तर एका म्यानात दोन तलवारी झाल्या असत्या. म्हणून घटनेच्या ५४व्या कलमाने हे काम संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या आणि विधानसभांतल्या निवडून आलेल्या सदस्यांकडे दिलं. नामनियुक्त खासदारांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही, मग ते मंत्री का असेनात.

आता ते १७५. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागलं की साधारण १,७५,०४२ येतात. त्याला हजाराने भागायचं. उरलेली बाकी पाचशे किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा. आपली बाकी ४२च, म्हणून १७५. विदर्भाच्या ६२ आमदारांचं मिळून १०,८५० झालं. मेळघाटातल्या आमदाराचे मतदार किती आणि पुसदच्या आमदाराचे किती, हे इथे कुणी पाहत नाही. राज्यात सगळे सारखे.

खासदारांचं गणित याच बेरजेवरून निघतं. देशातल्या सगळ्या आमदारांचं एकत्रित मूल्य २०२२ साली ५,४३,२३१ होतं. ते ७७६ खासदारांत वाटलं, प्रत्येकाच्या वाट्याला ७०० आले. म्हणजे राज्यं एका पारड्यात, संसद दुसऱ्या पारड्यात, आणि काटा जवळपास मधोमध. यवतमाळ-वाशीमचा खासदार असो की भंडारा-गोंदियाचा, त्याचं एक मत महाराष्ट्रातल्या बरोबर चार आमदारांएवढं. हा निव्वळ योगायोग. आधीच्या, २०१७च्या निवडणुकीत हाच आकडा ७०८ होता. २०२२ साली जम्मू-काश्मीरची विधानसभाच नव्हती, म्हणून तो घटला.

माझ्या मते खरी गंमत मतपत्रिकेत आहे. खासदारांना हिरवी मिळते, आमदारांना गुलाबी. सोबत निवडणूक आयोगाचा जांभळ्या शाईचा पेन. दुसऱ्या पेनने लिहिलं तर मत बाद. शिक्का मारायचा नाही, उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम घालायचा. पहिली पसंती हवीच, पुढच्या ऐच्छिक. मतदान यंत्र इथे चालत नाही, कारण ते एका बटनामागे एक मत जमा करतं. ‘हा नाही तर तो’ हे त्याला सांगता येत नाही.

सरपंचाच्या निवडणुकीत पाच जण उभे राहिले तर तीस टक्क्यांवरही गुलाल उधळला जातो. उरलेले सत्तर टक्के लोक त्याच्या विरोधात असले तरी! राष्ट्रपतीला तसं चालत नाही. वैध मतमूल्याच्या निम्म्यात एक मिळवून जो आकडा येतो, तो कोटा गाठावा लागतो. पहिल्या पसंतीत कुणीच गाठला नाही तर सगळ्यात मागचा उमेदवार बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे बाकीच्यांत वाटतात. कोणी कोटा गाठेपर्यंत हेच चालू.

आजवर ही वेळ एकदाच आली, १९६९ साली. झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. राष्ट्रपतीचं काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला. मग महिनाभर हंगामी राष्ट्रपती होते सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला, म्हणजे नागपुरात वकिली केलेले आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आपल्या ओळखीचे गृहस्थ. रिंगणात पंधरा उमेदवार. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी मात्र सदसद्विवेकाने मत द्या म्हटलं आणि गिरींना बळ मिळालं. तिसरे सी. डी. देशमुख, ज्यांच्या सनदी नोकरीची सुरुवातीची वर्षं मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली.

कोटा होता ४,१८,१६९. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं मिळाली, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. गिरी साडेसोळा हजारांहून थोड्या जास्त मतांनी अडले. मग खालून एकेक उमेदवार बाद होत गेला. देशमुख जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. त्यांची बहुतेक मतं रेड्डींकडे वळली. रेड्डींनी तब्बल ९१,८७९ मतांची भर घातली, गिरींनी फक्त १८,५६२ची. तरी निकाल ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७, गिरी विजयी! शिवाय दहा हजारांवर मूल्याच्या मतपत्रिका वाटेतच संपल्या, कारण त्यांवर या दोघांपैकी कुणालाच पसंती नव्हती. त्या सगळ्या रेड्डींकडे गेल्या असत्या तरी गिरी थोडक्यात पुढेच राहिले असते.

या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. २००७ साली अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या, तेव्हा विरोधी आघाडीतल्या शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांनाच मतं दिली.

राहता राहिला प्रश्न, जनगणना १९७१चीच का? ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये, म्हणून १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने तो आकडा गोठवला. पुढे ८४व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. मी सहज २०११चे आकडे घालून भागाकार केला. आज तामिळनाडूच्या आमदाराचं मत १७६ आणि बिहारच्या आमदाराचं १७३ आहे; नव्या हिशोबाने तामिळनाडू ३०८, बिहार ४२८. महाराष्ट्र ३९०. केरळ आज १५२वर आहे, तो २३९वरच थांबतो, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या आमदारातली २३ची तफावत १५१ होते. दक्षिणेकडची राज्यं या विषयावर एवढी हळवी का आहेत, ते या आकड्यांत दिसतं.

विद्यमान राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. जम्मू-काश्मीरची विधानसभा २०२४ साली पुन्हा निवडून आली आहे, तेव्हा खासदाराच्या ७००चा हिशोब त्या वेळी नव्याने मांडावा लागेल.