‘ईसीएनआर आहे, मग बिनधास्त जा’ हे अर्धसत्य

खेड-दापोलीपासून राजापूरपर्यंत एक समज पक्का बसलाय: पदवीधराचा पासपोर्ट ईसीएनआर (एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड), म्हणजे व्हिजिट व्हिसावर दुबई गाठायची, काम सुरू करायचं, कागद मागाहून होतात.

ईसीएनआरचा अर्थ एवढाच की भारतातून निघताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी मंजुरी, लागत नाही. दहावी पास झालेल्यालाही तो मिळतो. तिथल्या कामाच्या परवानगीशी त्याचा काडीचा संबंध नाही. व्हिजिटवर मुलाखती द्या, हरकत नाही. पण वर्क परमिटआधी एक दिवस जरी काम केलं तरी ते बेकायदा. पगार बुडाला तर दाद मागणंही अवघड.

आधी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर मागा. त्यात मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे लिहिलेले असतात. ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच निघते, म्हणून एकूण आकड्याला भुलू नका. व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाचा. भारतातला नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, तेही पावती देऊन. (‘पावती नको, ओळखीतलं आहे’ म्हणणाऱ्यापासून लांबच बरं.) एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.

पदवीचं प्रमाणीकरण मात्र निघण्याआधीच उरका: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी अमिरातीचा दूतावास. हा क्रम चुकला की कागद परत येतो.